मॉडेल बोटीचा ईएससी कसा निवडावा: लेबलवरचा आकडा नंतर, पाण्यातला करंट आधी

मोटरचा वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर, म्हणजे सगळे ज्याला नुसतं ईएससी म्हणतात तो, ऑनलाइन मागवताना बहुतेकांची नजर एकाच आकड्यावर असते: किती अँपिअरचा? हाच आकडा सगळ्यात कमी भरवशाचा. '३२० अँपिअर' छापलेला, हाताच्या मुठीत मावणारा ब्रश्ड (आत ब्रश असलेल्या साध्या मोटरसाठीचा) ईएससी सगळीकडे स्वस्तात मिळतो. त्याला बॅटरीकडून येणारी तार बघा. १४ गेजची असेल तर ती साधारण २ चौरस मिलिमीटरची झाली, गिझरच्या पॉइंटला ओढतात त्याहून बारीक. ३२० अँपिअर खरोखर वाहिले तर ती तारच आधी वितळेल. हा आकडा आतल्या मॉसफेटच्या, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या चिपच्या, कॅटलॉगमधून येतो: चिप २५ अंशांवर थंड ठेवली तर एक मॉसफेट किती सोसेल, गुणिले मॉसफेटची संख्या. बोटीच्या बंद पोटात, तेही खानदेशच्या उन्हात, त्या हिशेबाला काही अर्थ उरत नाही. लेबलवर 'कंटिन्युअस' (सतत सोसेल तेवढा) शब्दापुढे लिहिलेला आकडा तेवढा वाचायचा. तो लिहिलेलाच नसेल तर तो ईएससी खेळण्यापुरता समजायचा.

त्यामुळे खरेदीची सुरुवात दुकानात नाही, आपल्याच मोटरपासून करायची. दोन आकडे काढा: मोटर जाम झाली तर किती करंट खेचते, आणि बोट धरून ठेवली तर पाण्यात किती खेचते.

मोटर जाम झाल्यावरचा करंट

ब्रश्ड मोटर अडकली की तिची वाइंडिंग म्हणजे नुसता एक रेझिस्टन्स. बॅटरीचे व्होल्ट भागिले तो रेझिस्टन्स, एवढा करंट वाहतो. अडचण अशी की हा रेझिस्टन्स एका ओहमच्या आत असतो आणि साधा मल्टिमीटर तिथे खोटं बोलतो. त्याच्या प्रोबच्या तारांचाच रेझिस्टन्स त्यात मिसळतो. त्यावर उपाय सोपा आहे. ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानातून १२ व्होल्ट २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब आणा. १२ व्होल्टची बॅटरी, बल्ब आणि मोटर एका ओळीत जोडा. मोटरचा शाफ्ट पक्कडीने घट्ट धरा. बल्ब पेटेल आणि साधारण दीड ते पावणेदोन अँपिअर करंट वाहील. मीटर मालिकेत लावून तो नेमका मोजा, मग मोटरच्या दोन टोकांवरचे व्होल्ट मोजा. समजा करंट १.६ अँपिअर आला आणि व्होल्ट ०.६४. ०.६४ भागिले १.६ म्हणजे ०.४ ओहम. १२ व्होल्टवर ही मोटर जाम झाली तर १२ भागिले ०.४, म्हणजे ३० अँपिअर खेचणार. शाफ्ट थोडाथोडा फिरवून चार-पाच जागी मोजा आणि सगळ्यात कमी रेझिस्टन्स धरा, कारण ब्रश कॉम्युटेटरच्या कोणत्या पट्टीवर आहे त्यानुसार आकडा हलतो. बॅटरीचे व्होल्ट लोडखाली पडतात, म्हणून प्रत्यक्षात ३० पेक्षा थोडं कमीच भरेल; ती सूट हिशेबात धरू नका.

पाण्यातला करंट

मोटर हवेत फिरवून घेतलेला आकडा काही कामाचा नाही. बोट ढकलणारा पंखा (प्रोपेलर) पाण्यात असला तरच खरा लोड येतो. बोट गुरांच्या हौदात किंवा मोठ्या टाकीत ठेवा, मागून हाताने धरा, आणि मोटर थेट बॅटरीला जोडून पूर्ण वेगाने फिरू द्या. मध्ये फ्यूज आणि मीटर असलाच पाहिजे. साध्या मल्टिमीटरचं १० अँपिअरचं भोक सलग १०-१५ सेकंदच सोसतं; किती ते मीटरवर छापलेलं असतं. वायरमनकडचा क्लॅम्प मीटर उसना आणायचा विचार असेल तर आधी बघा, त्यातले बहुतेक फक्त एसी मोजतात आणि डीसी तारेवर शून्य दाखवून फसवतात. आरसीवाले, म्हणजे रिमोटवरच्या मॉडेलांचे छंदी, वापरतात तो छोटा वॉट-मीटर बॅटरी आणि मोटरच्या मध्ये लावला की व्होल्ट, अँपिअर, वॅट आणि कमाल करंट एकदमच मिळतात. या छंदात पहिली खरेदी ईएससीची न करता या मीटरची करावी.

बोट मोकळी धावते तेव्हा करंट यापेक्षा कमी असतो, कारण पंख्याकडे येणारं पाणी आधीच चालतं असतं. म्हणून हौदातला आकडा वाईटात वाईट स्थितीचा म्हणून चालतो. फक्त हौद फार लहान नको. पाणी गोल फिरायला लागलं की आकडा खाली येतो. पहिल्या पाच सेकंदांतला वाचा.

पंखा बदलला तर मोजणी पुन्हा करायची, इथे आळस नको. फेरे तेवढेच राहिले तर पंख्याला लागणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. ३५ मिलिमीटरचा काढून त्याच घडणीचा ४० मिलिमीटरचा बसवला की मागणी जवळजवळ दुप्पट होते. मोटर थोडी दबते म्हणून प्रत्यक्षात पूर्ण दुप्पट होत नाही, पण काल गार असणारा ईएससी आज का तापला याचं उत्तर बहुधा त्या पाच मिलिमीटरमध्ये असतं.

आता हिशेब. समजा ८० सेंटिमीटरची टगबोट आहे, ७७५ आकाराची मोटर, १२ व्होल्ट, हौदात ८.५ अँपिअर, जाम झाल्यावर ३०. कागदावर १५ अँपिअरचा ईएससी पुरेसा वाटतो. पण शेवाळ अडकून पंखा थांबला तर? गाडीत असतो तसा पट्टीचा फ्यूज लावला तरी तो लगेच उडत नाही. १५ अँपिअरचा निळा फ्यूज ३० अँपिअरला, म्हणजे दुप्पट करंटला, काही सेकंद तग धरू शकतो. ते काही सेकंद ईएससीला काढावे लागतात. १० अँपिअरचा लाल फ्यूज लवकर उडेल, पण ८.५ अँपिअर सतत वाहत असताना गरम बोटीत तो विनाकारणही उडेल. म्हणून या बोटीला १५ चा फ्यूज आणि खऱ्या ३० अँपिअर कंटिन्युअसचा ईएससी. नियम एवढाच: ईएससीची कंटिन्युअस क्षमता मोटर जाम झाल्यावरच्या करंटएवढी असेल तर निर्धास्त. तेवढी परवडत नसेल तर निदान हौदातल्या आकड्याच्या दुप्पट घ्या आणि फ्यूज शक्य तितका लहान ठेवा. फ्यूज बॅटरीच्या लाल तारेवर, बॅटरीच्या जवळ. रंग लक्षात असू द्या: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा.

ब्रशलेस, म्हणजे ब्रश नसलेली, मोटर ईएससीशिवाय फिरतच नाही, त्यामुळे तिथे हे सगळं आधी मोजता येत नाही. उत्पादकाने दिलेला कमाल करंट घ्या, त्यावर निम्मा चढवा, आणि पहिल्या फेरीत वॉट-मीटर लावून खात्री करा.

ब्रश्ड की ब्रशलेस, आणि रिव्हर्स कसला

संथ चालणारी टग, मासेमारीची बोट, लाँच यांना ब्रश्डच बरी. सेन्सर नसलेली ब्रशलेस अगदी कमी वेगाला अडखळते आणि झटक्याने सुटते. धक्क्याला हळूच लागणारी बोट हवी असेल तर ते फार जाचतं. वेगाच्या बोटीला ब्रशलेसच, आणि तिथे पाण्याने थंड होणारा खास बोटीसाठीचाच ईएससी घ्यावा. हॉबीविंगची 'सीकिंग' मालिका त्या कामासाठी आहे. ब्रश्डमध्ये एमट्रॉनिक्सची 'व्हायपर मरीन' ही बोटींसाठीच बनवलेली मालिका.

विमानाचा ईएससी स्वस्तात मिळतो, पण त्याला सहसा रिव्हर्स नसतो. गाडीच्या ईएससीला असतो, मात्र वेगळ्या चालीचा: रिमोटची स्टिक पहिल्यांदा मागे ओढली की ब्रेक, सोडून पुन्हा ओढली की रिव्हर्स. पाण्यात ब्रेकला काही काम नाही. बोट काठाच्या दगडावर चालली असताना स्टिक दोनदा ओढत बसावं लागतं. गाडीचाच घ्यायचा असेल तर जम्परने किंवा सेटिंगने ब्रेक बंद होऊन सरळ फॉरवर्ड-रिव्हर्स होतो का हे विकत घेण्याआधी माहितीपत्रकात बघा.

लवचिक शाफ्टवाल्या रेसिंग बोटीला मात्र रिव्हर्स बंदच ठेवा. तो शाफ्ट पिळलेल्या तारांचा असतो; उलटा फिरवला की पीळ सुटतो.

बॅटरी: इथे सगळ्यात जास्त गोंधळ

आपल्याकडे कपाशीच्या फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी घरोघर असते. टगबोटीला ती छान, वजनही बोट खाली बसवायला कामी येतं. पण ईएससी लिथियम मोडवर (बॅटरीचे व्होल्ट ठरावीक आकड्याखाली गेले की मोटर तोडणाऱ्या) राहिला तर दोनपैकी एक घोळ होतो. चार्जरवरून नुकतीच काढलेली ही बॅटरी १२.८ ते १३ व्होल्ट दाखवते. तीन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) पूर्ण भरली तरी १२.६ वरच थांबते, म्हणून सेल आपोआप मोजणारा ईएससी हिला चार सेलची समजू शकतो आणि दर सेलला ३.२ व्होल्ट धरून १२.८ लाच मोटर तोडतो. बॅटरी भरलेली, बोट जागची हलत नाही, आणि माणूस ईएससी खराब म्हणून परत पाठवतो. दुसरा घोळ उलटा: बॅटरी जरा उतरलेली असताना जोडली, ईएससीने तीन सेल धरले, आणि तोड ९ ते ९.६ व्होल्टला. लेड-ॲसिड १०.५ च्या खाली गेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणून असा ईएससी निवडा ज्यात लिथियमची तोड बंद करता येते किंवा निकेलचा मोड आहे, आणि बॅटरीकडे लक्ष घड्याळ लावून ठेवा. ८ अँपिअर-अवर हा आकडा अगदी मंद उपशाचा असतो. सरासरी ५ अँपिअर ओढले तर पाऊण तासात बोट बाहेर काढलेली बरी.

नवीन पंपांत लिथियम पॅक येतो, त्यात स्वतःचा बीएमएस, म्हणजे बॅटरी जपणारं सर्किट, असतो. मोटरने जादा करंट मागितला की तो सगळं एकदम बंद करतो, रिसीव्हरसकट. सुकाणूही गेलं. पॅकवर करंटची मर्यादा छापलेली नसेल तर तो बोटीत नको.

लिपो वापरत असाल तर याच्या उलट: लिथियम मोड चालूच हवा. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की पॅक फुगतो.

बीईसी: सुकाणूचा पुरवठा

रिसीव्हर आणि सर्वोला (सुकाणू फिरवणाऱ्या छोट्या मोटरला) ५-६ व्होल्ट देणारा बीईसी बहुतेक ईएससीत असतो. तो लिनिअर आहे की स्विचिंग, हे बघा. लिनिअर बीईसी उरलेले व्होल्ट नुसते उष्णतेत घालवतो. १२.५ व्होल्टची बॅटरी, ५ व्होल्टचा पुरवठा, सर्वोचा अर्धा अँपिअर: साडेसात गुणिले अर्धा, पावणेचार वॅट. नखाएवढ्या चिपला एवढं पुष्कळ झालं. ती तापून बंद पडली की मोटर ठीक असूनही बोट हाताबाहेर जाते. १२ व्होल्टवर स्विचिंग बीईसीवालाच घ्या, किंवा वेगळा यूबीईसी (ईएससीबाहेरचा स्वतंत्र बीईसी) लावा आणि ईएससीच्या प्लगमधली मधली लाल तार काढून टाका. पिनेचं टोक प्लगच्या बारीक जिभेखाली घातलं की ती तार अलगद बाहेर येते. तोंडावर हीट-श्रिंक चढवून बाजूला बांधा, कापू नका. दोन मोटरींना दोन ईएससी असतील तरी एकाची लाल तार अशीच काढावी लागते.

पाणी आणि ऊन

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. गडद रंगाचं डेक, झाकण बंद, आत हवा हलत नाही. मॉसफेट शंभर अंशांच्या आसपास गेला की त्याचा रेझिस्टन्स गारपणीच्या साधारण दीडपट होतो, म्हणजे तेवढ्याच करंटला तो आणखी तापतो. मार्च ते जून लेबलच्या कंटिन्युअस आकड्यातून तिसरा हिस्सा वजा करूनच बोट पाण्यात सोडा, आणि सोडायची ती सकाळी.

थंड करायला वर छोटा पंखा बसवलेला ईएससी बोटीत घेऊ नका. तो पंखा बहुधा वॉटरप्रूफ नसतो आणि बंद पोटात तीच गरम हवा घुसळतो. पाण्याने थंड होणाऱ्यात दोन बारीक धातूच्या नळ्या ईएससीच्या पाठीतून जातात. पाण्याचं तोंड बोटीच्या पंख्याच्या मागे, त्याच्या धारेत ठेवतात. पाणी आधी ईएससीला, मग मोटरला, आणि बाहेरचं भोक बोटीच्या कुशीवर, धार काठावरून दिसेल असं. संथ बोटीत एवढा दाब तयारच होत नाही. तिथे नळ्यांपेक्षा ईएससीच्या पाठीला २-३ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा थर्मल पेस्टने चिकटवलेला जास्त उपयोगी.

नळी सिलिकॉनचीच. ठिबकची काळी मायक्रोट्यूब घरात पडलेली असते म्हणून ती लावायचा मोह होतो, पण ती ताठ असते, तापली की तोंडाशी सैल होते, आणि पाणी थेट ईएससीवर. जोडणी झाल्यावर एक टोक बोटाने बंद करून दुसरीकडून फुंका, नळी पाण्याखाली धरून बुडबुडे येतात का बघा. पावसाळ्यात गिरणा, वाघूर, तापी सगळ्यांचं पाणी काळ्या मातीने गढूळ असतं. तो गाळ नळीत बसून सुकला की सिमेंट. घरी आल्याबरोबर सिरिंजने स्वच्छ पाणी मारा.

'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असलं तरी ईएससी बोटीच्या तळाशी ठेवू नका. आडव्या फळीवर, निदान २ सेंटिमीटर उंच. आणि बॅटरीकडच्या तारा लांबवू नका. लांबवायच्या तर मोटरकडच्या. बॅटरीची तार लांब झाली की व्होल्टेजचे झटके वाढतात आणि ईएससीच्या आतले कपॅसिटर मरतात.

ब्रश्ड मोटरवर '१०४' छापलेले तीन सिरॅमिक कपॅसिटर हवेतच: एक दोन टोकांमध्ये, आणि प्रत्येक टोकापासून मोटरच्या धातूच्या अंगाला एकेक. डायोड लावायला कोणी सांगितलं तर रिव्हर्सवाल्या ईएससीसोबत तो लावू नका. रिव्हर्स दिल्याबरोबर शॉर्ट होतो.

पार्सल आल्यावर, परत करायची मुदत संपायच्या आत

बोटीत बसवण्याआधी ईएससी टेबलावर राबवा. त्यासाठी गाडीचा हेडलाइटचा एच-४ बल्ब उत्तम लोड आहे. १२ व्होल्टवर त्याची ६० वॅटची फिलामेंट साधारण ५ अँपिअर घेते. दोन बल्ब समांतर जोडले की १०. ईएससीच्या मोटरकडच्या तारांना बल्ब जोडा, रिसीव्हर लावा, आणि स्टिक हळूहळू पुढे न्या. एकदम ढकलू नका, गार फिलामेंट क्षणभर कितीतरी पट करंट खेचते. उजेड शून्यापासून सलग वाढला पाहिजे. मध्येच उडी मारत असेल तर बोटही तशीच उडी मारेल.

आता अर्ध्या स्टिकवर दहा मिनिटं ठेवा. पूर्ण वेगापेक्षा अर्ध्या वेगाला मॉसफेट सतत उघडझाप करतात, त्यामुळे करंटच्या मानाने इथे ते जास्त तापतात, आणि टगबोट तर सगळा वेळ इथेच चालते. ईएससीवर हाताचं बोट ठेवून पाच सेकंद धरवत नसेल तर तो ६० अंशांच्या आसपास गेला. लेबलवर ३०-४० अँपिअर आणि १० लाच ही गत? परत पाठवा. तेच रिव्हर्समध्येही करा: मागे जाताना मॉसफेटची दुसरी जोडी काम करते, आणि काही स्वस्त ईएससीत रिव्हर्सची क्षमता पुढच्याच्या निम्मीच असते.

बसवल्यावर

बॅटरी जोडण्याआधी लाल-काळं दोनदा बघा. उलट जोडणीला बहुतेक ईएससीत माफी नाही. आधी ट्रान्समिटर (हातातला रिमोट) सुरू, मग बोट. बंद करताना आधी बोट. पुष्कळ ईएससी सुरू होतानाच स्टिकची जागा शून्य धरतात, म्हणून स्टिक आणि ट्रिम (स्टिकची शून्य जागा बारीक सरकवणारं बटण) दोन्ही मधोमध हवेत. नाहीतर स्टिक सोडूनही पंखा हळूहळू फिरत राहतो.

मग फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की मोटर आपोआप थांबणं. बोट स्टँडवर ठेवा, पंखा मोकळा, स्टिक थोडी पुढे, आणि ट्रान्समिटर बंद करा. मोटर एक-दोन सेकंदांत थांबली पाहिजे. चालूच राहिली तर रिसीव्हरचं फेलसेफ थ्रॉटल मधोमध ठेवून पुन्हा सेट करा.

पहिली फेरी दोन मिनिटांचीच. बाहेर काढा, झाकण उघडा, ईएससी, प्लग आणि फ्यूजचा होल्डर हाताने तपासा. ईएससी गार आणि प्लग गरम, असं झालं तर सोल्डर कच्चा आहे. सगळं ठीक असेल तर पाच मिनिटं, मग दहा. मेहरूण तलावात गणेश विसर्जनानंतर काही आठवडे निर्माल्यातले दोरे पाण्यात तरंगत असतात, ते शाफ्टला गुंडाळले जातात. बोट अचानक मंद झाली आणि स्टिक वाढवूनही उचलत नसेल तर स्टिक लगेच शून्यावर आणा, एकदा अर्धा सेकंद रिव्हर्स द्या. सुटली तर हळू काठाला घ्या, नाही सुटली तर पुन्हा जोर लावू नका. गळाच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून बोटीपलीकडे फेका आणि ओढून घ्या. शेततळ्यात तर ही दोरी सोबत असल्याशिवाय बोट सोडूच नका. त्याचा प्लास्टिकचा कागद ओला झाला की पाय टिकत नाही, आणि उतरलेल्या माणसाला वर चढता येत नाही.